चाकातलं पाणी

नाही नाही नाही, लोडरले नावं नका ठेवू भाऊ! लोडर बिचारा गुणाचा हाये, ट्रॅक्टर बी छोटा हाये पण चांगला हाये, जे झालं ते चाकाचं झालं... आन् खरं सांगू का, ते चाकाचं बी नाही म्हणा... आता कसं सांगू तुमाले! लोक म्हणतात, रंगरावच्या ट्रॅक्टरले बाहेरचं लागलं होतं. कोणी म्हणते देवाचं होतं. काही जण तं अजून आमच्या आंगणातून जातानी त्या डाव्या चाकाच्या जागेवर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात! आन् तुमी तिकडून घाटावरून, चिखलीकडून इतक्या लांब आले, काऊन तं म्हणे रंगराव, लोडरवाला छोटा ट्रॅक्टर घ्याचा हाये, टायर कोणते टाकावं, मांगं वजन किती ठेवावं, जरा अनुभव सांगा. अनुभव! बसा, त्या खाटेवर बसा, सावली हाये तिथं. कोकिळे, पाव्हण्यांसाठी पाणी आण वं! घ्या, पाणी घ्या, मंग सांगतो.

तं तुमाले सांगतो, लोडर म्या घेतला तो शेणखतासाठी. टोपल्यानं खत भरू भरू कंबर अशी झाली होती का खाली बसलो तं उठवाले माणूस लागे. म्हटलं चला, आता आपण सीटवर बसू, दांडी ओढली का खत वर, दांडी सोडली का खत ट्रॉलीत! पयल्या दिवशी अर्धं गाव पाहाले आलं. मी नवरदेवासारखा टोपी घालून बसलो. गेलो उकिरड्यावर, खुपसली बकेट, ओलं खत काठोकाठ भरलं, उचललं, अजून उचललं, आन् जरासा ब्रेक दाबला तं काय... ट्रॅक्टरनं बुड वर केलं! मांगची दोन्ही चाकं जमीन सोडून अधांतरी, मी सीटवरून घसरून स्टेरिंगले चिपकलेला, आन् नाकासमोर काय? हाव, तेच! एक आमची कोकिळाच बोलली. म्हणे, "पयल्याच दिवशी कोणाच्या पाया पडून राह्यला हो तुमचा ट्रॅक्टर?"

तिथं आमचे अर्जुनराव उभे होते. अर्जुनराव म्हणजे आमच्या गल्लीतलं सर्वात जुनं खोड, गावातलं लगन असो का मयत असो, त्यांच्या सल्ल्याशिवाय पुढं सरकत नाही. तोंडात तंबाखूचा खर्रा असते, म्हणून बोलतानी हनुवटी वर आभाळाकडं. असे बोलतात पाहा... "रंगऱ्याऽव... समोर उचलाचं असन... तं मांगं वजन पाह्यजे. हे ट्रॅक्टरचंच नाही बाबू... माणसाचं बी असंच हाये." थुंकले आन् गेले. आता माणसाचं राहू द्या, म्या म्हटलं, पण ट्रॅक्टरचं तं करा लागन!

गेलो इंद्रभानकडं. शेगाव रोडवर त्याचं टायरचं दुकान हाये, पंक्चर काढते, नवे टायर विकते, आन् मधल्या वेळात बोलते. तो माणूस श्वास कधी घेते ते आजवर कोणाले समजलं नाही. "काहीच नाही भाऊ काहीच नाही, लोडर लावला ना, मंग समोरचे टायर पयले बदला, हे नाजूक हाये, सारा भार समोरच्या चाकावर येते, जास्त प्लायचे, म्हणजे जास्त थरांचे टाका, हवा बरोबर ठेवा, आन् मांगचे मोठ्या दातांचे घ्या, आपली काळी माती, गुळगुळीत टायर टाकला तं पावसात एकाच जागी भिंगरी, आन् मांगं वजन पाह्यजे, लोखंडी वजनं चाकाले लावता येते, सिमेंटचा ठोकळा मांगं टांगता येते, पण मी म्हणतो कायले, चाकातच पाणी भरा, हवेचा वॉल वर करून पाऊण चाक पाणी, वरून हवा, वजन खालच्या खाली, ट्रॅक्टर जमिनीले धरून राह्यते, काहीच नाही भाऊ!"

आता इथं माह्या अक्कलेचा भाग पाहा. तो म्हणे, ट्यूबवाले टाकू का बिनट्यूबचे? म्या इच्यार केला, आमच्या पांदणीच्या रस्त्यात बाभळीचे काटे बोटबोट लांब, ट्यूब रोज फुटन. म्हटलं बिनट्यूबचे टाक! मोठा शहाणा! मंग म्या इचारलं, पाणी कोणतं भरू बे? तो हसला. "पाण्यात काय कोणतं राह्यते? घरचं भरा. पाणीच तं हाये, पाण्यानं काय होते?" मले बी पटलं. पाण्यानं काय होते?

घरचं पाणी म्हणजे आमचं बोअरचं. तुमी घाटावरचे, तुमाले नाही समजाचं. हा सारा खारपाणपट्टा हाये, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं, जिथं बोअर मारसान तिथं खारं. साबणाले फेस येत नाही. तुरीची डाळ चुलीवर ठेवा, तुमी गावात जाऊन भांडण करून या, ती तशीच कडक. नवी सून आली का पयला महिना चहा तोंडात धरून बसते, ना गिळता येते ना थुंकता येते. मंग गिळते. सवय होते. नळाले गोडं पाणी येते तसं, येते तवा येते. तुमी घ्या ना पाणी, हातात काऊन धरून बसले?

तं भरलं पाणी चाकात. आन् काय सांगू, ट्रॅक्टर असा बसला जमिनीवर जसा पाटील बसते लोडाले टेकून! खत उचला, गुरांचं कुटार उचला, माती उचला, बुड हलत नाही. दोन उन्हाळे काम केलं. एकच गोष्ट होती... आवाज. हळू चालवलं का चाकातून आवाज ये. डुबुक... डुबुक... जसं कोणी आतमधी हातपाय मारून राह्यलं. थांबलो का आवाज बी थांबे, पण लगेच नाही, जरासा मांगून. मी इंजिन बंद केल्यावर बी एकडाव... डुबुक. कोकिळा म्हणे, मले तो आवाज आवडत नाही. म्या म्हटलं, अवं पाणीच तं हाये.

आता जरा म्हसोबाचं ऐका, त्याबिगर पुढचं समजाचं नाही. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर म्हणा, म्हसोबा हाये. शेंदूर फासलेला दगड, चांगला दोन पोत्यांएवढा, कडूलिंबाखाली, रस्त्याच्या वळणावर. माह्या बुढ्यानं, म्हणजे आमच्या वडलानं, भगवानरावनं, एका साली तो धुरा नांगरला होता, म्हसोबाच्या अगदी पायापर्यंत. आन् दोन वर्षांत बुढ्याचे पाय सुजले. मंग तोंड सुजलं. मंग अंगच सुजलं, बोट दाबलं तं खड्डा पडे आन् तो खड्डा बराच वेळ तसाच राहे. गाव म्हणे म्हसोबानं धरलं. अकोल्याले नेलं तं डॉक्टर म्हणे किडन्या गेल्या यांच्या, आन् बुढ्याले इचारलं, बाबा, पाणी कुठलं पेता? आन् माहा बुढा, तशात बी हसला! म्हणे, "डाक्टरसाहेब, पाण्यानं काय होते? पाणी तं सारं गाव पेते." गेला बिचारा. गावानं डॉक्टरचं नाही ऐकलं, म्हसोबाचं ऐकलं. म्या बी.

तं यंदा अर्जुनरावनं टूम काढली, म्हसोबाले ओटा बांधू. ओटा झाला, टाइल लागली, आता देव वर ठेवाचा कसा? दहा माणसं लागत, मधातच लगनसराई, माणूस सापडे ना. अर्जुनराव मले म्हणे, "रंगऱ्याऽव... तुह्याजवळ लोडर हाये ना बाबू." देव बकेटमधी! म्या म्हटलं अर्जुनराव, ज्या बकेटनं शेण उचलतो त्या बकेटमधी देव बसवू? तं म्हणे धुऊन घे. धुतली, आतमधी सतरंजी टाकली, हळद कुंकू वाह्यलं, आन् म्हसोबाले उचलून ओट्यावर ठेवलं. नारळ फुटला. सारे खूश. मी बी खूश का चला, बुढ्यानं केलेलं पोरानं फेडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा आंगण झाडाले निघाली आन् तिथूनच ओरडली. "अवो, इकडं या! मांजरीनं काही मारलं का पाहा!"

डाव्या चाकाखाली तळहाताएवढा लाल डाग. ओला. म्या काडीनं हलवून पाह्यला, वास घेतला... तुमाले रगताचा वास माहीत हाये ना? लोखंडासारखा येते. तोच! आसपास ना पीस, ना केस, ना शेपूट. माती टाकून झाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ताटलीएवढं. तिसऱ्या दिवशी आमचा कुत्रा तिथं बसून ते चाटून राह्यला, हाकललं तं माह्यावरच गुरगुरला. ज्यानं उभ्या जन्मात मले दात दाखवले नाही तो कुत्रा!

आन् बकऱ्यांचं तं इचारूच नका. सांजच्याले गल्लीतल्या बकऱ्या चरून येतात, एरवी बोंबलत येतात, दहा घरी तोंड घालतात. त्या दिवशी मी ओसरीत बसलो होतो तं एकदम जाणवलं का आज बकऱ्यांचा आवाज नाही. पाह्यलं... साऱ्या बकऱ्या आमच्या आंगणात. डाव्या चाकाभोवती गोल करून उभ्या, मान खाली, आन् चाकाचं लोखंड चाटून राह्यल्या. आवाज नाही, धक्काबुक्की नाही, एकमेकीले शिंग नाही. नुसता जिभांचा आवाज. सर्र... सर्र... कोकिळेनं माहा हात धरला.

बोलावलं अर्जुनरावले. आले, चाक पाह्यलं, लाल ओघळ पाह्यला. ओघळाच्या काठानं पांढरं पांढरं सुकलं होतं, भुकटीसारखं. ते बोटानं खरवडलं, डोळ्यांजवळ नेलं, आन् हनुवटी आभाळाकडं... "अंगारा हाये हा. देवानं धरलं रंगऱ्याऽव. म्या सांगतलंच होतं, देव बकेटमधी नको." म्या म्हटलं, सांगतलं होतं का उलटं सांगतलं होतं? पण ते ऐकतात का! ती पांढरी भुकटी त्यायनं कपाळाले लावली, माह्या कपाळाले लावली, जराशी जिभेवर बी टाकली. म्हणे, खारट लागते. देवाचं हाये, खारट तं लागणारच! आता बोला!

आन् त्याच हप्त्यात ट्रॅक्टर बदलला. डावीकडचं चाक उचलाले लागला. दोन्ही नाही, एक डावंच. समोर भार घेऊन म्हसोबाच्या वळणावर आलो का डाव्या बाजूनं कोणी तरी हात घालून उचलल्यासारखं होये. बरोबर त्याच वळणावर! दुसरीकडं कुठंच नाही. तिथं रस्ता उजवीकडं उतरता हाये, हे मले आता समजते, तवा कुठं समजे? आन् चाकातला तो डुबुक आवाज बी आता डावीकडून येत नव्हता. उजवं चाक बोले, डावं चूप. कोकिळा म्हणे, जो कोणी आत होता, तो भाईर निघाला वाटते.

हे सारं मी सोसलं असतं भाऊ. ट्रॅक्टर काय, आज हाये उद्या नाही. पण एक दिवस कोकिळा मोरीजवळ पाय पुढं करून बसली होती आन् साबण लावून लावून पायाच्या बोटातली जोडवी काढून राह्यली होती. निघत नव्हती. म्या म्हटलं, काय झालं वं? "काही नाही, जरा घट्ट झाली." म्या पाय हातात घेतला. घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला... आन् तो तसाच राह्यला.

तुमाले सांगतो, माह्या अंगातलं सारं बळ त्या खड्ड्यात गेलं. बुढ्याचे पाय म्या दाबले होते, तो खड्डा मी ओळखतो. देव बकेटमधी म्या बसवला, आन् धरलं कोणाले? हिले! जिनं उभ्या आयुष्यात म्हसोबाचा एक नारळ चुकवला नाही! मले धर ना लेका, म्या म्हटलं, मी हाये ना इथं मोकळा! शेवटी सोनाराकडून ती जोडवी कापून काढली. दवाखान्यात जाऊ म्हटलं तं कोकिळा म्हणे, आधी देवाले त्याच्या जागी ठेवा, मंग पाहू.

अर्जुनराव म्हणे भर दुपारी ठेवाचा, बाराच्या ठोक्याले, ती त्याची वेळ हाये. वैशाखाची दुपार! रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाईरचं कोणी येणं चालत नाही म्हणे, ज्याच्या घरचं त्यानंच कराचं. म्हणून मी आन् कोकिळा दोघंच. ती निवद घेऊन मांगून चालत. कडूलिंबाचं पान हलत नव्हतं, आन् तरी झाडाखाली वारा असल्यासारखं गार. म्या हात जोडले, बकेट खाली सरकवली, देव उचलला. ओट्याच्या वर, अजून वर. ट्रॅक्टर मांगं घेतला, वळवला, आन् त्या उतारावर...

डावं चाक उचललं.

पयले वाटलं भास हाये. मंग मी उजवीकडं कलाले लागलो. बकेटमधी दोन पोत्यांएवढा देव, माह्या डोक्याच्या वर, आन् सारा ट्रॅक्टर हळू... हळू... उजवीकडं. इंजिन चालू, पण मले ते ऐकू येईना. हात दांडीवर, पण हात माहा नाही! मी डावीकडं पाह्यलं तं चाक जमिनीपासून वीतभर वर, गरगर फिरून राह्यलं, आन् त्याच्यातून लाल धार. म्या डोळे मिटले. म्हटलं, घे बाबा, मले घे, तिले सोड.

आन् मांगून धाडकन काही तरी आदळलं! ट्रॅक्टर हलला. कलणं थांबलं. म्या मान वळवून पाह्यलं... कोकिळा! निवद फेकून, लुगडं खोचून, त्या सुजलेल्या पायांनं डाव्या मडगार्डावर चढली होती, आन् दोन्ही हातांनं पकडून सारं अंग भाईरच्या बाजूनं टाकलं होतं, जसं लहानपणी वखरावर वजनासाठी लेकरं बसवत ना, तसं! आन् ओरडून राह्यली, "डोळे काऊन मिटले? बकेट खाली घ्या! पयले बकेट खाली घ्या!"

घेतली खाली. हळूहळू. चाक टेकलं. देव रस्त्याच्या कडेले धुळीत उतरला. मी अजून सीटवरच बसून होतो, आन् ही बाई खाली उतरली, चाकाजवळ बसली, आन् त्या लाल ओघळात तिनं बोट बुडवलं. म्या म्हटलं हात नको लावू! तिनं ते बोट जिभेले लावलं. लावलं भाऊ! मले आताही काटा येते, हे पाहा. जराशी थांबली. पुन्हा लावलं. आन् माह्याकडं असं पाह्यलं, असं पाह्यलं, का म्हसोबा परवडला!

"हे रगत नाही," म्हणे. "हे आपलं पाणी हाये."

म्या म्हटलं, काय? म्हणे, "आपलं बोअरचं. वीस वर्षांपासून याच्यात सैपाक करून राह्यली मी. मले नाही ओळखू येणार?"

नेलं चाक इंद्रभानकडं. त्यानं वॉल काढला, लाल पाणी भदभद भाईर. टायर उतरवला. आतमधलं रिम भाऊ, लोखंडाचं रिम, हे एवढं जाड... पापडासारखे पापुद्रे सुटलेले. त्यानं बोट लावलं तं बोट आरपार. ट्यूब नाही, म्हणून पाणी सरळ लोखंडाले लागलं, तिथूनच रोज गळत होतं, गंज घेऊन लाल, मीठ घेऊन पांढरं. कुत्र्याले मीठ पाह्यजे होतं, बकऱ्याले मीठ पाह्यजे होतं, आन् अर्जुनरावनं ते कपाळाले लावलं! डाव्या चाकातलं पाणी गेलं, वजन गेलं, म्हणून डावी बाजू उचले. झालं! एवढंच! मी हसलो. खोटं नाही सांगत, जोरजोरानं हसलो, डोळ्यांत पाणी येईलोक हसलो.

इंद्रभान म्हणे, "भाऊ, पाणी कोणतं भरलं होतं?" म्या म्हटलं, घरचं, तूच म्हटलं होतं. म्हणे, "घरचं म्हणजे... खारं?" हाव म्हटलं. आन् इंद्रभान चूप झाला. जन्मात पयल्यांदा.

कोकिळा तिथंच जुन्या टायरच्या ढिगावर बसली होती. पायात माही चप्पल, तिची आता होत नव्हती. ती त्या रिमकडं पाहून राह्यली होती. हळूच म्हणे, "दोन वर्षांत लोखंडाचं हे केलं यानं. मामाजी तं साठ वर्षं पेले."

माहं हसणं तोंडातच राह्यलं. मले बुढा दिसला. अकोल्याच्या त्या दवाखान्यातल्या खाटेवर बसलेला, सुजलेला, हसून राह्यलेला... पाण्यानं काय होते, डाक्टरसाहेब? आम्ही धुऱ्यावर भूत शोधत होतो भाऊ, चाकात शोधत होतो, आन् ते आमच्या घरात बसलं होतं. रांजणात. वर झाकण, झाकणावर गिलास. रोज आम्हीच हातानं काढून एकमेकाले देत होतो. लेकरं सुट्टीत घरी आली का पयले गिलासभर तेच.

आता माह्यासारखा माणूस पाहा. इंद्रभाननं नवं रिम टाकलं, म्हणे आता गोडं भरा भाऊ, जारचं भरा, लोखंड टिकन. गेलो शेगावले, जार आणले, आंगणात रांगेनं ठेवले, पंप लावला. कोकिळा हातात गिलास घेऊन आली. तहान लागली होती तिले. वाकली, जारचं बूच काढलं... आन् माह्या तोंडातून काय निघालं माहीत हाये? "थांब वं! ते चाकाचं हाये!"

याच तोंडानं. ती तशीच वाकलेली राह्यली. बूच लावलं, आन् रांजणाकडं गेली. मी पळत गेलो, गिलास हिसकला, जार उचलून सैपाकघरात नेला, म्हटलं हे तुह्यं, चाक गेलं खड्ड्यात! मले माहीच इतकी शरम वाटली का दोन दिवस मी तिच्याशी डोळे वर करून बोललो नाही.

खामगावले नेलं तिले. डॉक्टरनं रगत तपासलं, लघवी तपासली. म्हणे, अजून हातात हाये, येळेवर आले, गोळ्या देतो, पण पयले पाणी बदला. आन् सूज उतरून राह्यली बरं का! परवा पायात तिची चप्पल गेली. मी लहान लेकरासारखा चप्पलकडं पाहात बसलो. म्हसोबा? तो जिथं उतरला तिथंच हाये, रस्त्याच्या कडेले. अर्जुनराव म्हणे देवानं जागा सोतः निवडली, तिथं आता नवा ओटा होणार हाये. कपाळाले अजून ते लावतात. म्या सांगून पाह्यलं, अर्जुनराव, ते चाकाचं मीठ हाये. म्हणे, "मीठ असो... गुण आला ना?"

तं तुमी इचारत होते, टायर कोणते, वजन किती. समोरचे दमदार घ्या, मांगचे मोठ्या दातांचे घ्या, बिनट्यूबचे घेतले तं पाणी पाहून भरा, आन् दोन्ही चाकं सारखी ठेवा, नाही तं बायको संग ठेवा. माह्या दोन्ही चाकात आता गोडं पाणी हाये, डुबुक डुबुक मस्त बोलतात. चाकाचं बरं हाये, चाकाले एकडाव भरलं का काम झालं. माणसाले रोज लागते ना बापा! एका दिवसाआड जार आणतो, बकेटमधी ठेवून, देव आणावा तसा. तेवढ्यात तिचं भागते, जरासा सैपाक होते. ती एकटी पेत नव्हती, म्हणे घरात एक गोडं पेते आन् एक खारं, असं कुठं असते? मंग मी सांगतो तिले, मी शेगावले हाटेलात पोटभर गोडं पेऊन आलो, तवा ती पेते.

अरे! तुमचे गिलास तं तसेच भरलेले हायेत... काऊन, खाली काऊन ठेवले? हाव... हाव, रांजणातलंच हाये. तिनं तुमाले जारचंच देलं असतं, पण म्याच डोळ्यानं खुणावलं, राग नका मानू. राहू द्या, जबरदस्ती नाही. ना ना, फेकू नका मातीत! आणा इकडं ते गिलास. ती आत गेली ना? मी पेतो. तिले सांगू नका बरं का... पाणीच तं हाये.